आधी फलक, मग यंत्र?

विज्ञान केंद्रात ‘हात लावू नये’ अशी पाटी नसते. हात लावू देत नाही ती पालकांची अधीरता, असे आमचे मत आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात (उद्यान १९७९ चे, मुख्य केंद्र १९८५ चे) सहकुटुंब जाणाऱ्यांनी एकदा यंत्रांऐवजी स्वतःकडे पाहावे. अशा केंद्रांतून दूर अंतरावर, समोरासमोर दोन खोलगट तबकड्या उभ्या केलेल्या असतात. एकीपाशी कुजबुजले की दुसरीपाशी कान नेणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येते. मूल तिथवर पोचण्याआधीच वडील फलक वाचून मोकळे होतात : “ध्वनिलहरी परावर्तित होऊन नाभीपाशी एकवटतात, कळलं ना?” त्याला काय कळणार? त्याने अजून कुजबुजूनच पाहिलेले नाही.

१९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ उभारणारे फ्रँक ऑपेनहायमर मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. १९४९ मध्ये राजकीय कारणावरून विद्यापीठातली नोकरी गेली, तेव्हा त्यांनी कोलोरॅडोत गुरे पाळली आणि पुढे तिथल्याच शाळेत शिकवले. संग्रहालयात कुणी नापास होत नाही, अशा आशयाचे ते बोलत. आपण मात्र सुटीच्या दिवशीही तोंडी परीक्षा घेतो.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हे मांडण्याचे कारण उघड आहे. आपल्या वर्गांत कविता कानावर पडण्याआधी तिचे रसग्रहण वहीत उतरलेले असते. प्रतिमा कोणती, प्रतीक कोणते, कवीचा संप्रदाय कोणता, सारे ठाऊक. ओळ तेवढी कुणी मोठ्याने म्हटलेली नसते.

फलक काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. नुसता दांडा फिरवून पुढच्या यंत्राकडे धावणारी मुलेही आम्ही पाहिली आहेत. परिभाषेशीही आमचे वैर नाही. पलीकडची कुजबुज एकदा ऐकली की ‘नाभी’ या शब्दाला बसायला जागा मिळते. तोवर तो नुसताच लोंबकळतो. (पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेच्या इमारतीला पु. लं.च्या स्मरणार्थ ‘पुलस्त्य’ हे सप्तर्षींतील ताऱ्याचे नाव दिले आहे. त्यातली कोटी सांगून टाकली, तर पु. लं.ना तरी आवडले असते का?)

म्हणून पहिल्या तासाला कविता दोनदा वाचावी, टिपणे दुसऱ्या तासाला उघडावीत, एवढीच आमची सूचना. अभ्यासक्रम मागे पडेल, ही हरकत येणारच. तो असाही मागेच पडलेला असतो.