काका, जरा फुंकता का?

जानेवारी २०२५ मध्ये सांगलीच्या स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखेने विट्याजवळ कार्वेच्या औद्योगिक वसाहतीत छापा टाकला आणि मेफेड्रोनचा, म्हणजे ‘एमडी’चा कारखानाच हाती लागला. माल सुमारे ३० कोटींचा. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर नाव काढलेलं आपलं विटा गाव त्या आठवड्यात भलत्याच कारणाने टीव्हीवर झळकलं. आदल्या वर्षी जिल्ह्यातलं कुपवाड आणि इरळी याच एमडीपायी गाजून झालंच होतं. ‘माल बाहेर जायचा, आपल्याला काय त्याचं?’ असं कट्ट्यावर बोललं गेलं. मला मात्र सकाळी लेंगरे, भाळवणी, आळसंदहून पोरं भरून येणाऱ्या व्हॅन आठवल्या. नशा गावात आली की ती स्टिअरिंगपर्यंत पोचणार नाही, असं कुणी सांगावं?

त्याच वर्षी मे महिन्यात शालेय शिक्षण विभागाने विद्यार्थी सुरक्षेचा शासन निर्णय काढला. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणानंतर आलेल्या या निर्णयात शाळेच्या वाहनचालकांची मद्य आणि अमली पदार्थ चाचणी करण्याचंही म्हटलं आहे. आता प्रश्न असा, की ती करणार कोण आणि कधी?

दारूचं गणित आधी बघू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा. शरीर त्यातलं ताशी साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. वरातीत रात्री एकपर्यंत पिऊन १५० वर पोचलेला माणूस सकाळी साडेसहाला किल्ली फिरवतो तेव्हा त्याच्या रक्तात अजून ६५-७० असतं, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. तो झोकांड्या खात नाही, तोंडात गुटखा असल्याने वासही येत नाही, आणि ‘रात्रीची कवाच उतरली’ असं तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो. झोप आणि लिंबूपाण्याने दारू लवकर उतरत नाही. म्हणून चाचणी गाडी निघण्याआधी, सकाळीच हवी. दुपारी शाळेच्या ऑफिसात बोलावून केलेली चाचणी ही फक्त फायलीची सोय.

एमडीचं दुखणं वेगळंच. फुंकायच्या मशीनला दारूशिवाय काही कळत नाही. त्यासाठी लघवी, लाळ किंवा रक्त तपासावं लागतं, आणि तेही मेफेड्रोन ओळखणाऱ्या तपासणीने. बाजारातली सरसकट पट्टी पुरेशी ठरेलच असं नाही. रोज हे परवडणार नाही. मग न सांगता, चिठ्ठी काढून करा. तारीख आधी कळलेली तपासणी ही तपासणीच नव्हे. अमेरिकेत शाळेच्या बसचालकांना १९९१ च्या कायद्यामुळे अशाच अचानक तपासण्यांना सामोरं जावं लागतं.

‘आम्ही काय चोर आहोत का?’ असं चालक म्हणतील. म्हणू देत. रेल्वेचा लोको पायलट ड्युटीवर येताना फुंकतो, विमानाचा पायलटही फुंकतो. त्यांची अब्रू जात नाही. पण चालकाची बाजूही ऐकली पाहिजे. सकाळी शाळा, दुपारी किराण्याचा माल, रात्री देवदर्शनाची नाहीतर वऱ्हाडाची ट्रिप, तेव्हा कुठे गाडीचा हप्ता सुटतो. जागं राहायला काहीतरी घेण्याचा मोह तिथेच उगवतो. व्हॅनच्या फीत शंभर रुपये कमी करून घेताना आपण पालकही त्या रात्रीच्या ट्रिपला हातभार लावतो. आणि ‘आज नको, रात्री घेतलीय’ असं स्वतःहून सांगणाऱ्याचा रोज कापू नये, बदली चालक तयार ठेवावा. नाहीतर तो सांगणार नाही, गाडी घेऊन येईल.

११ एप्रिल २०२४ चं हरियाणातलं कनीना आठवून बघा. ईदची सुट्टी असूनही शाळा भरली होती. बस उलटली, सहा मुलं गेली, चालक प्यालेला होता. बातम्यांमध्ये आलं होतं, की वाटेत गावकऱ्यांनी त्याची अवस्था ओळखून किल्ली काढून घेतली होती. शाळेला फोन गेला, ‘आजचा दिवस जाऊ द्या’ अशा अर्थाचं उत्तर आलं आणि किल्ली परत दिली गेली. मशीन नव्हतं म्हणून ती मुलं गेली नाहीत. नशा ओळखलेली होती, फक्त गाडी थांबवायचा अधिकार कुणी शेवटपर्यंत वापरला नाही.

आपल्याकडे तो अधिकार वापरायला कागदावर एक समिती आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी: मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालक, पोलीस आणि आरटीओचे प्रतिनिधी. म्हणजे फुंकायला लावणारा, ते झालं का बघणारा आणि कारवाई करणारा एकाच टेबलावर. चाचणीची जबाबदारी हिच्याकडेच हवी, गाडीच्या ठेकेदाराकडे मुळीच नको. कारण चालक घरी बसला की नुकसान ठेकेदाराचंच होतं.

तेव्हा पुढच्या पालकसभेत गणवेश आणि सहलीच्या आधी हा विषय काढा. समितीची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा आणि इतिवृत्ताचं रजिस्टर मागून बघा. त्यात आपल्या सह्या आधीच झालेल्या दिसल्या, तर तिथेच आवाज चढवा.