नदी वाहते आहे तोवर

जुन्या मराठी शिलालेखांत आणि दानपत्रांत ‘आचंद्रार्क’ हा शब्द वारंवार भेटतो. दिलेले दान चंद्र-सूर्य असेपर्यंत अबाधित राहील, अशी ती हमी. कॅनडातही अशीच एक हमी दिली गेली होती. तिच्यात सूर्याच्या जोडीला नदी होती. १८९९ साली इंग्लंडच्या राणीच्या आयुक्तांनी तेथील क्री, डाने-झा आदी मूलनिवासी जमातींशी आठव्या क्रमांकाचा करार केला. सूर्य तळपतो आणि नद्या वाहतात तोवर आपले जीवन पूर्वीप्रमाणे चालेल, असे वचन मिळाल्याचे त्या जमातींतील वृद्ध आजही सांगतात.

लेखी कागदात मात्र एक पोटकलम होते. वसाहती, खाणी, लाकूडतोड, व्यापार किंवा अन्य कामांसाठी सरकार वेळोवेळी जी जमीन घेईल, तेवढ्या जमिनीवर शिकारीचा व मासेमारीचा हक्क राहणार नाही. तोंडी बोली एक आणि कागदावरील अट दुसरी, हा प्रकार व्यवहारात मुरलेल्या माणसाला नवा नाही. तरीही आयुक्तांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे आपल्या अहवालात नोंदवली. करार केलाच नसता तर जितके मोकळे राहिला असता, तितकेच मोकळे करारानंतरही राहाल, असे गंभीर आश्वासन त्यांना त्या लोकांना द्यावे लागले होते.

या प्रदेशातून पीस नदी वाहते. पीस म्हणजे शांतता. क्री आणि डाने-झा यांचे जुने वैर या नदीकाठी मिटले, म्हणून हे नाव. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तिच्यावर पहिले प्रचंड धरण १९६०च्या दशकात बांधले गेले. जंगल न तोडताच मोठा प्रदेश पाण्याखाली गेला. त्से के डेने लोकांची वस्तीही त्यात बुडाली. बुडालेला झाडपाला कुजू लागला की पाण्यातील पारा विषारी रूप घेतो आणि माशांच्या शरीरात साठत जातो. ज्यांचा आहार पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर अवलंबून होता, त्यांच्या ताटात तो उतरला. २०१५ साली वेस्ट मोबर्ली जमातीच्या प्रमुखांनी असे दूषित मासे पेटीत भरून प्रांताच्या राजधानीत नेऊन दाखवले. पुढच्याच वर्षी सरकारी वीजकंपनीने पहिल्या धरणाने झालेल्या हानीबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्या वेळी त्याच नदीवर तिसऱ्या धरणाचे, ‘साइट सी’चे, काम सुरू होऊन वर्ष होत आले होते.

या तिसऱ्या धरणाला विरोध म्हणून २००६ पासून दर जुलै महिन्यात होड्यांची फेरी निघू लागली. बेअर फ्लॅट येथील शेतात सकाळची न्याहारी होई, वृद्धांची प्रार्थना होई, ढोल वाजत. मग हाफवे नदीच्या संगमाजवळून कॅनू, कयाक, रबरी तराफे पाण्यात उतरत आणि प्रवाहाबरोबर पुन्हा बेअर फ्लॅटला येऊन थांबत. पुढाकार मूलनिवासींचा असे. त्यांच्याबरोबर वल्ही मारायला खोऱ्यातील गोरे शेतकरीही येत, कारण त्यांची काळी कसदार जमीनही बुडणार होती. शेकडो माणसे दोन्ही काठ डोळे भरून पाहत. हरणांची बेटे, उभी पिके, पूर्वजांच्या दफनभूमी, हे सगळे नकाशावर केवळ निळ्या रंगाने भरलेले होते. होडीत बसलेल्याला ते एकेक करून दिसे. न्यायालयीन खर्चासाठी शंभर डॉलर देणाऱ्याच्या नावाची पिवळी खुंटी त्या शेतात रोवली जाई. अशा खुंट्यांची रांगच तेथे उभी राहिली.

सरकारचा जमाखर्च वेगळ्या दिशेने चालला होता. २०१४ साली मंजुरी देताना अंदाज होता सुमारे ८.८ अब्ज डॉलर्सचा. त्याच वर्षी तज्ज्ञ मंडळाने, ही वीज सांगितलेल्या वेळी लागेलच हे पूर्णपणे सिद्ध झालेले नाही, असे बजावले होते. २०१७ मध्ये सत्तापालट झाला आणि नव्या सरकारने हिशेब तपासला. तोवर सुमारे दोन अब्ज खर्च झाले होते. काम थांबवून जमीन पूर्ववत करायची तर आणखी जवळपास तेवढेच लागणार होते. हाती काही न येता चार अब्ज बुडीत खाती लिहायचे कसे, म्हणून बांधकाम पुढे चालू राहिले. आकडा १०.७ अब्जांवर गेला. २०२१ मध्ये तो १६ अब्जांवर पोहोचला. बुडालेल्या रकमेच्या मागे नवी रक्कम पाठवण्याची ही चूक पेढीवर घडली असती, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी चाव्या काढून घेतल्या असत्या. सरकारच्या चाव्या घेणारे कोणी नसते.

वेस्ट मोबर्ली आणि प्रॉफेट रिव्हर या जमातींनी करारभंगाचा दावा लावला. तातडीची स्थगिती २०१८ मध्ये नाकारली गेली. न्यायालयात वर्षे जात होती आणि भिंत चढत होती. २०२० मध्ये प्रॉफेट रिव्हरने तडजोड केली, २०२२ मध्ये वेस्ट मोबर्लीनेही धरणापुरता दावा सोडला. त्यांना दोष देणे सोपे आहे; पण दरवर्षी उंच होत जाणाऱ्या भिंतीसमोर उभे राहून ते द्यावे.

शेजारच्या ब्लूबेरी रिव्हर जमातीने मात्र वेगळा हिशेब न्यायालयापुढे मांडला होता. एक रस्ता, एक वायुविहीर, एक तोडलेले जंगल, प्रत्येकाला परवानगी होती. प्रत्येक वेळी ‘एवढ्याने काय होते’ असे म्हटले गेले होते. त्या सगळ्या नोंदींची एकत्र बेरीज केली तर काय उरते, असे त्यांनी विचारले. जून २०२१ मध्ये प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेरीज मान्य केली आणि करार मोडला गेला असल्याचा निर्णय दिला. जमीन घेण्याची मुभा देणारे पोटकलम मूळ वचनच पोकळ होईपर्यंत वापरता येत नाही, असा त्याचा आशय होता. सरकारने अपील केले नाही. २०२३ मध्ये जमिनीच्या पुनरुज्जीवनासाठी निधी ठरला, नव्या खोदकामावर मर्यादा आल्या.

पीस नदीला त्याचा उपयोग झाला नाही. २५ ऑगस्ट २०२४ रोजी जलाशयात पाणी अडवण्यास सुरुवात झाली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो भरला. ८३ किलोमीटर वाहते पाणी स्थिर झाले. हाफवेच्या संगमाजवळ ज्या काठावरून होड्या सोडल्या जात, तो काठ आता तळाशी आहे.