काल्पनिकाचा काल्पनिक घात

ऋणसंख्या हा कोणाचा वर्गच नव्हे, म्हणून तिला वर्गमूळ नाहीं, असें भास्कराचार्यांनीं ‘बीजगणितां’त सांगून ठेविलें आहे, आणि ही सीमा आम्हीही विद्यार्थ्यांस भक्तिभावानें सांगत आलों. पुढें कॉलेजांत मुलें ऋण एकाच्या त्याच मुळास संख्या मानून चालतात. त्यास येथें ‘क’ म्हणूं. परवां धाकट्या नातवानें ओटीवर विचारलें, “आजोबा, क चा क-वा घात किती?” मीं म्हटलें, “निरर्थक प्रश्न! कल्पनेस कल्पनेइतके वेळां कसें गुणावें?” बोलून गेलों खरा, पण रात्रीं झोंप येईना.

अखेर त्याचेंच पुस्तक आणि पाटी घेऊन बसलों. ‘इतके वेळां’ हा अर्थ तर अपूर्णांकापाशींच सुटतो. नवाचा अर्धावा घात तीन, हें आपण मुकाट्यानें मानतोंच. ऑयलरच्या सूत्राप्रमाणें ई ह्या संख्येस (२·७१८२८…) ‘क गुणिलें कोन’ हा घात दिला, कीं एकाची रेषा तितक्या कोनांतून वळते. क म्हणजे एका काटकोनाचें वळण. त्रिज्येएवढ्या कंसाचा कोन एकक धरल्यास काटकोन होतो १·५७०८. तेव्हां क म्हणजेच ई चा ‘क गुणिलें १·५७०८’ हा घात. त्यास पुन्हां क चा घात द्या. क गुणिलें क म्हणजे ऋण एक. उरला ई चा ऋण १·५७०८ वा घात. उत्तर ०·२०७९! दोन काल्पनिकांच्या पोटीं वास्तव संख्या! ऑयलरनें १७४६ सालीं गोल्डबाखास पत्रानें हेंच नवल कळविलें होतें.

नातवास हांक मारणार, तोंच ध्यानांत आलें, काटकोनावर एक पूर्ण फेरा घातला तरी दिशा तीच. मग ७·८५४० कां नको? उत्तर ०·०००३९. उलट फेरा घेतल्यास १११·३२! उत्तरें अनंत आणि सारींच खरीं. पैकीं पहिलें ‘मुख्य’ मानण्याचा प्रघात आहे, एवढेंच.

मला बोंचलें तें निराळेंच. घाताचा घात म्हणजे घातांकांचा गुणाकार, हा नियम मीं छत्तीस वर्षें ‘सर्वत्र’ असें बजावून शिकविला. ई ला ‘क गुणिलें पूर्ण फेरा’ हा घात दिल्यास एक येतो, आणि एकाच्या क-व्या घाताचें मुख्य मूल्यही एक. माझ्या नियमानें मात्र येतात ०·००१८७!

सकाळीं नातवाची क्षमा मागितली. जुन्या टिपणवहींत ‘सर्वत्र’ खोडून वर ‘पाया धन व घातांक वास्तव असतां’ असें लिहिलें. पण ज्यांनीं तो शब्द पाठ केला, ते विद्यार्थी आतां कोठें शोधावे?