बाणकृमीचे भाऊबंद बोडीत

गोंदियाचा प्राणिशास्त्राचा विद्यार्थी बाणकृमी पाठ करतो. काचेसारखा पारदर्शक देह, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाकड्या काट्यांचे झुपके, एकाच देहात नर आणि मादी. हा प्राणी फक्त समुद्रातला, लांबी काही मिलिमीटरपासून फार तर बारा सेंटिमीटर. कोपिपॉड हा इवला जीव दिसला की झडप घालतो. काही जातींत तर विषारी माशांत असते तेच टेट्रोडोटॉक्सिन सापडले आहे. इतके पाठ झाले की वर्गीकरण, आणि घोटाळा तिथेच आहे.

डार्विनने 1844 मध्ये या प्राण्यावर निबंध लिहिला, तेव्हाही याचे नातलग कोण हे कळत नव्हते. पुढे गर्भाकडे पाहून निकाल लावला गेला. गर्भात पहिले छिद्र पडते त्याच्या विरुद्ध टोकाला तोंड होते, म्हणून बाणकृमी तारामाशांच्या आणि आपल्या पंगतीत बसला. अनेक पाठ्यपुस्तकांत तो आजही तिथेच बसलेला आहे. जनुकांच्या अभ्यासाने मात्र त्याला तिथून कधीच उठवले. 2019 च्या एका विश्लेषणात त्याचे जवळचे भाऊबंद रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव निघाले. ग्रीनलंडमधल्या पन्नास कोटी वर्षांहून जुन्या जीवाश्मांनीही त्याच बाजूने साक्ष दिली.

आणि रोटिफर कुठे असतात? नवेगावबांधच्या, बोदलकशाच्या तलावात, गावामागच्या बोडीत म्हणजे छोट्या तळ्यात. मत्स्यजिरे सोडण्याआधी संगोपन तळ्यात शेण टाकतात ते याच सूक्ष्म जीवांची पैदास व्हावी म्हणून. जिऱ्यांच्या तोंडात मावणारा पहिला घास तोच. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवराची बोटुकली याच घासावर वाढते. कोहळी समाजाने बांधलेले अनेक तलाव असलेल्या या भागात आपण दरवर्षी सारस मोजतो, ते योग्यच. पाण्यात मात्र कोणी भिंग घालत नाही.

परीक्षेत बाणकृमीची आकृती काढून गुण मिळवणाऱ्या मुलाने त्याचा चुलतभाऊ जिवंत पाहिलेला नसतो, आणि तो कॉलेजपासून सायकलच्या अंतरावर असतो. त्यासाठी मुंबई-गोव्याची सहल लागत नाही. बारीक जाळीचे कापड, बाटली आणि प्रयोगशाळेत आहे तो सूक्ष्मदर्शक पुरे. अभ्यास मंडळाने दोन कामे करावीत: जुन्या वर्गीकरणाचे पान बदलावे, आणि प्रात्यक्षिकाच्या यादीत जवळच्या तलावाचे पाणी घालावे. दुसऱ्या कामाला तर नवे पुस्तकही छापावे लागत नाही.