बरोबरीकडे धावलेला जगज्जेता

सिंगापूर येथे १२ डिसेंबर २०२४ रोजी डिंग लिरेनने ५५व्या चालीत हत्ती एफ-२ घरात आणला आणि तीनच चालींनंतर बुद्धिबळाचे जगज्जेतेपद १८ वर्षांच्या डी. गुकेशकडे गेले. एका चुकीने मुकुट गमावला, अशी हळहळ तेव्हा व्यक्त झाली. ती अर्धीच खरी आहे. त्या चुकीची पायवाट डिंगने बरीच आधी आखली होती.

लढत ६.५-६.५ अशी बरोबरीत होती. अखेरच्या, चौदाव्या डावात पांढरी मोहरी डिंगकडे होती आणि सुरुवातही दमदार झाली. घोडा एफ-३, उंट जी-२, मग प्यादे डी-४. म्हणजे रंग उलटवलेला ग्रुनफेल्ड बचाव, तोही एक चाल हाती राखून. गुकेशने नवव्या चालीत डी-४ वर प्यादे रोवताच डिंगने ई-३ खेळून केंद्र फोडले. वजिराच्या बाजूला त्याचे एक प्यादे अधिक होते, लांब कर्णावर उंटाचा दाब होता. दबून खेळणाऱ्याची ही सुरुवात नव्हे.

त्यानंतर मात्र त्याने मोहऱ्यांच्या अदलाबदलीचा सपाटा लावला. २९व्या चालीत तर एक प्यादेही सोडून दिले! उरले दोघांचे एकेक हत्ती व उंट, आणि दोन प्याद्यांविरुद्ध तीन. शास्त्रानुसार डाव बरोबरीचाच. पण जिंकण्याची आशा केवळ गुकेशला, धोका केवळ डिंगला. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी जलद डाव होते आणि २०२३ मध्ये अस्तानात नेपोम्नियाचीला डिंगने तेथेच हरवले होते. हा हिशेब समजण्याजोगा आहे, पण शहाणपणाचा नाही.

एफ-२ वरील हत्तीची चाल त्याच वृत्तीतून आली. गुकेशने हत्ती मारला, उंट डी-५ वर आणला. कोपऱ्यात, ए-८ वर अडकलेल्या पांढऱ्या उंटाला मारामारी टाळता येईना. नुसत्या प्याद्यांच्या शेवटात एक प्यादे कमी असलेल्या डिंगचा पराभव अटळ होता.

२०१० मध्ये सोफियात नेमके उलट घडले होते. आनंदशी जलद डाव नकोत म्हणून टोपालोव बाराव्या डावात लास्कर बचावाविरुद्ध विजयासाठी रेटत राहिला, असे तेव्हा बोलले गेले. पांढऱ्या मोहऱ्यांनी तोही हरला.