वडिलांना दिसलेला धोका

26 मार्च 2016. लंडनमध्ये ब्रिटनच्या मिडलवेट अजिंक्यपदासाठी ख्रिस युबँक ज्युनियर आणि निक ब्लॅकवेल यांची लढत सुरू होती. ब्लॅकवेलला जबर मार बसत होता. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात युबँकच्या वडिलांनी मुलाला बजावले, ‘आता डोक्यावर मारू नकोस, अंगावर मार.’

हे वडील म्हणजे माजी जगज्जेते ख्रिस युबँक सीनियर. सप्टेंबर 1991 मध्ये त्यांच्याशी लढताना मायकेल वॉटसनच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. रिंगजवळ तातडीच्या उपचारांची पुरेशी सोय नव्हती. वॉटसन 40 दिवस कोमात होता आणि पुढे कायमचा अपंग झाला. या हलगर्जीपणाबद्दल न्यायालयाने ब्रिटिश बॉक्सिंग मंडळाला जबाबदार धरले.

ठोशाने डोके झटक्यात वळते, पण आतला मेंदू क्षणभर मागे राहतो. त्या ताणाने मेंदू आणि त्याच्या आवरणामधील बारीक शिरा तुटतात. साचलेले रक्त मेंदूला दाबू लागते. सुरुवातीला खेळाडू उभा असतो, बोलतो, लढतोही. ब्लॅकवेलची लढत दहाव्या फेरीत थांबवली गेली ती डोळा सुजून बंद झाल्यामुळे. सूज दिसते, आतला रक्तस्राव दिसत नाही. नंतर त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवावे लागले. तो शस्त्रक्रियेविना बचावला, पण त्याच वर्षी पुन्हा सरावाच्या लढतीत उतरला. दुसऱ्यांदा रक्तस्राव झाला आणि या वेळी शस्त्रक्रिया टळली नाही.

धाकट्या युबँकच्या कारकिर्दीची चर्चा होते ती वडिलांच्या नावामुळे. मात्र त्या रात्री वडिलांचे नाव नव्हे, त्यांचा अनुभव मोलाचा ठरला. तरीही प्रतिस्पर्ध्याचा जीव कुणाच्या वडिलांच्या आठवणीवर सोडता येणार नाही. खेळाडू स्वतःहून थांबत नाही, त्याच्या कोपऱ्यातली माणसेही जिंकायलाच आलेली असतात. म्हणून लढत थांबवण्याचा अधिकार पंच आणि डॉक्टर यांनी वेळेवर, शिट्ट्या-आरडाओरड्याची पर्वा न करता वापरला पाहिजे. रिंगजवळ प्रशिक्षित पथक आणि रुग्णवाहिका हवी. मेंदूची शस्त्रक्रिया होणारे रुग्णालय आधीच ठरलेले हवे. एकदा मेंदूत रक्तस्राव झालेल्या खेळाडूने तर सरावालाही रिंगमध्ये उतरू नये.

मैदान कोणतेही असो, डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी वाढणे, उलट्या, गुंगी किंवा बोलताना अडखळणे यांपैकी काहीही दिसले, तर ‘झोपला की बरे वाटेल’ असे म्हणू नये. थेट रुग्णालय गाठावे.