नाशिकचा संघ पुण्याशीच का खेळतो?

मालेगावहून धुळे साधारण ५० किलोमीटर. तरीही या दोन गावांतील महाविद्यालयांची बास्केटबॉलच्या एकाच आंतरमहाविद्यालयीन अजिंक्यपदासाठी गाठ पडत नाही. मालेगावच्या खेळाडूची निवड झालीच, तर तो नाशिक विभागाकडून पुणे शहर, पुणे जिल्हा आणि अहिल्यानगर या विभागांशी झुंजतो. असे का? उत्तर मैदानावर सापडत नाही. ते विद्यापीठांच्या संलग्नतेच्या इतिहासात आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

खेळाचा जन्म सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर १८९१, अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड, वाय.एम.सी.ए.ची प्रशिक्षण संस्था, जेम्स नेस्मिथ आणि पीच फळांच्या टोपल्या. त्याच वाय.एम.सी.ए.च्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाची संस्था उभारली.

स्पर्धेची चौकट मात्र त्याहून जुनी आहे. १८५७ चे मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर निर्माण झाले : अध्यापन महाविद्यालयांत, परीक्षा विद्यापीठाची. नाशिकचे हं. प्रा. ठा. महाविद्यालय १९२४ मध्ये निघाले, ते याच मुंबईच्या छत्राखाली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आले आणि नाशिकचे तोंड पुण्याकडे वळले. त्या वेळी या विद्यापीठाच्या कक्षेत तब्बल १२ जिल्हे होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि पाच उरले : पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे, जळगाव. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि धुळे-जळगावही गेले. क्रीडांगणे जागच्या जागी राहिली, प्रतिस्पर्धी तेवढे बदलले. कायदा करणाऱ्यांच्या मनात त्या वेळी बास्केटबॉल असण्याचे काहीच कारण नव्हते!

अमेरिकेतील ‘कॉन्फरन्स’ याच्या नेमकी उलट. १८९६ मध्ये सात विद्यापीठांनी आपण होऊन, खेळांच्या नियमनासाठीच, एक संघटना बांधली. तिलाच आज ‘बिग टेन’ म्हणतात. (नाव दहाचे, सदस्य १८, २०२४ पासून तिचा पसारा थेट पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत. दूरचित्रवाणीच्या पैशाने तिथलाही भूगोल मोडलाच.) तरी कोणाशी खेळायचे हे तिथे खेळणाऱ्या संस्था ठरवतात. आपल्याकडे ते संलग्नतेच्या कागदाने ठरते.

हा प्रश्न आता केवळ जुन्या नकाशांचा राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने संलग्नतेची पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे ठरवले आहे. महाविद्यालये स्वायत्त होतील, स्वतः पदव्या देतील. अभ्यासक्रमाचे काय होणार यावर परिसंवाद झडतात. परंतु विद्यापीठाची छत्री मिटल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा कोण भरवणार, यावर चर्चा जवळजवळ नाहीच. माझे मत स्पष्ट आहे : नाशिक, धुळे, जळगाव आणि नगर येथील महाविद्यालयांनी आत्ताच, विद्यापीठांच्या सीमा ओलांडून, स्वतःची साखळी स्पर्धा सुरू करावी. प्रवासखर्च आणि परीक्षांचे वेळापत्रक या खऱ्या अडचणी आहेत, हे मान्य. पण मालेगावहून पुण्याला जाणे तरी कुठे स्वस्त आहे?

आणखी एक. १९९० पूर्वीच्या नाशिक-जळगाव सामन्यांचा वृत्तान्त मिळण्याची शक्यता ग्रंथांपेक्षा महाविद्यालयांच्या जुन्या वार्षिकांकांत अधिक. तुमच्या घरी असे अंक असतील, तर रद्दीत देण्यापूर्वी ‘जिमखाना अहवाल’ या पानांची छायाचित्रे घ्या आणि खाली जोडा. संघातील नावे, गुणसंख्या, सामन्याचे गाव, जे असेल ते.